खेळासाठी घेतलेले कार्ड

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळीच. आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके घेतले, तर एका चित्रात ६४,००० ठिपके होतात. १९९६ साली 'क्वेक' हा खेळ आला, तेव्हा घरगुती संगणकाचा मुख्य प्रोसेसरच प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवी, तोही सेकंदाला कित्येक वेळा! चित्र ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे केले, की काम जवळजवळ पाचपट होई आणि खेळ अडखळे.

त्याच वर्षी अमेरिकेतील 'थ्रीडीएफएक्स' कंपनीची 'व्हूडू' चिप आली. तिचे कार्ड जुन्या कार्डाच्या जोडीला बसवत. आकृत्यांचे कोपरे कोठे येतात, हे प्रोसेसर काढी. आतले ठिपके हे कार्ड रंगवी. १९९९ मध्ये 'एनव्हिडिया'च्या 'जीफोर्स २५६'ने कोपऱ्यांचे गणितही आपल्याकडे घेतले.

हे कसे साधले? एका ठिपक्याचा रंग काढताना शेजारच्या ठिपक्याच्या उत्तरासाठी थांबावे लागत नाही. वर्गातील साठ मुलांनी एकेक गुणाकार एकदम सोडवावा, तसे हे काम वाटून देता येते. विज्ञानातही अशी गणिते पुष्कळ आहेत. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी संगणकाला छायाचित्रे ओळखायला शिकवले, ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवरच. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाटचालीतील तो मोठा टप्पा ठरला.

मात्र ज्या गणितात प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे उत्तर लागते, तेथे असे कार्ड फारसे उपयोगी पडत नाही. अशी गणिते कोणती, ते आपण वर्गात शोधून पाहू या.