वऱ्हाडांतील अडसर आणि कुलूप

दाराचें बळ त्याच्या लांकडांत असतें, असा सर्वसाधारण समज आहे. वऱ्हाडचा इतिहास मात्र निराळें सांगतो. अडसर कितीहि जाड असो, तो ज्या खांचेंत बसतो ती खांच आणि तो ओढणारा हात यांवरच दाराची भिस्त असते.

१५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्ली याच्या फौजेनें गाविलगडावर हल्ला केला. बाहेरील किल्ल्याचा तट तोफांनीं फोडला होता. आंतील किल्ल्याचा दरवाजा मात्र बंद होता. तेव्हां कॅप्टन कॅम्बेल याच्या तुकडीनें शिड्या लावून भिंत ओलांडली आणि दरवाजा आंतून उघडला. दार शाबूत राहिलें आणि गड गेला!

पुढें चारच वर्षांनीं, १८०७ सालीं, अमरावतीच्या धनिक व्यापाऱ्यांना पेंढाऱ्यांपासून संरक्षण मिळावें म्हणून निजामाच्या सरकारनें गांवाभोंवतीं दगडी परकोट बांधावयास घेतला. सुमारें सव्वादोन मैल घेराच्या या भिंतीला पांच दरवाजे व चार खिडक्या होत्या. जी रीत वेशीची तीच वाड्याची. जाड कवाडें वरखालीं ठेवलेल्या खुंट्यांवर उखळींत फिरत आणि पाठीमागें भिंतीच्या पोकळींतून अडसर सरके.

या अडसराला एक उणीव होती. तो लावावयास घरांत माणूस लागे. घर बंद करून जावयाचें तर बाहेरून कडी-कोयंड्यास कुलूपच पाहिजे. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली. प्रवास सोपा झाला, तशी कुलुपाची गरजहि वाढली. १८९७ सालीं अर्देशीर गोदरेज यांनीं मुंबईंत कुलुपांचा कारखाना काढला. तरफांच्या कुलुपांत किल्लीचे दांते आंतील तरफा नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हांच खटका सरकतो. अशीं कुलुपें दाराच्या अंगांतच बसूं लागलीं आणि अडसराचें काम खटक्याकडे आलें.

जुन्या दाराचें असें कुलूप लागेनासें झालें, तर दोष पुष्कळदां कुलुपाचा नसतो. खुंटी झिजते किंवा बिजागरी सैल होते, कवाड खालीं उतरतें आणि खटका चौकटीच्या भोंकांत न शिरतां कांठावर आपटतो. परीक्षा सोपी आहे. दार उघडें ठेवून किल्ली फिरवावी. खटका सुरळीत चालला तर कुलूप ठीक आहे. मग बिजागरीचे स्क्रू आवळावे, अथवा सुताराकडून कवाड उचलवून उखळींत लोखंडी चकती बसवावी. उघड्या दारांतहि खटका अडला, तर आंतील तरफा अगर स्प्रिंग झिजली आहे असें समजून कुलूप कारागिराकडे न्यावें. त्यांत खोबरेल ओतूं नये. तेलावर धूळ बसून चिकटा होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड बरी. पावसाळ्यांत फुगलेल्या दारावर घाईनें रंधाहि मारूं नये. वैशाखांत तेंच दार सैल होतें.

अमरावती परकोटाबाहेर केव्हांच पसरली. वेशींवरची राखण आतां घरोघरच्या दारांवर आली आहे. किल्ली अडते एवढ्यासाठीं आजोबांच्या वेळचें सागवानी दार मोडींत काढण्यापूर्वीं एकदां उखळींतली चकती बदलून पाहावी.