दोंदे, दिलीप

दोंदे, कॅप्टन दिलीप : शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, भारतीय नौदलातील निवृत्त अधिकारी.

पूर्वपीठिका : भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने जगाला वळसा घालावा, ही व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची आस होती. त्यातूनच नौदलाने ‘सागर परिक्रमा’ हा उपक्रम हाती घेतला आणि २००६ मध्ये दोंदे त्यासाठी स्वतःहून पुढे आले. असा प्रवास केलेला एकही भारतीय तेव्हा नव्हता. म्हणून १९६८-६९ मध्ये एकट्याने विनाथांबा प्रदक्षिणा करणारे ब्रिटिश नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन, त्यांची नौका शर्यतीसाठी सज्ज करताना राबत दोंदे शिकले.

नौका : ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. दिवाडीला वेढणाऱ्या मांडवीचेच दुसरे नाव म्हादई. नौकेचे नाव त्यावरूनच आले. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली.

परिक्रमा : दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन या चारच बंदरांत थांबून ते मे २०१० मध्ये मुंबईला परतले. अशा प्रदक्षिणेत कालव्यांची जवळची वाट घेता येत नाही. विषुववृत्त ओलांडावे लागते. लूविन, हॉर्न आणि गुड होप ही तिन्ही भूशिरे त्यांनी पार केली. दक्षिण महासागरात वाऱ्याला अडवायला जमीन नसल्याने लाटा डोंगराएवढ्या होतात. तिथे सुकाणू, शिडे, दुरुस्ती, स्वयंपाक आणि तुकड्यातुकड्यांची झोप, सारे एकाच माणसाच्या वाट्याला येते.

वारसा : या सफरीत किनाऱ्यावरून साथ देणारे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये याच नौकेतून विनाथांबा प्रदक्षिणा केली. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये, दिवाडीलाच बांधलेल्या ‘तारिणी’तून जगाला वळसा घातला, त्यांना दोंदे यांनीच घडवले. शौर्यचक्राने गौरवलेल्या दोंदे यांनी आपला अनुभव ‘द फर्स्ट इंडियन’ या इंग्रजी पुस्तकात मांडला आहे. ज्या विद्येसाठी त्यांना परदेशी जावे लागले, ती आता भारतीय नाविकाला घरीच शिकता येते. हे त्यांचे प्रदक्षिणेइतकेच मोठे कार्य आहे.