महागडी केबल घ्यावी का? एका दाव्याचा इतिहास



पेटची तयारी करताना चल, गृहीतक, नियंत्रण हे शब्द पाठ होतात. पण ते वापरायचे कुठं, हे कळत नाही. आज मी स्वतः खाल्लेल्या फटक्यातून एक उदाहरण देतो.

माझं काम नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणींवर आहे. १९४८ साली जे कळत्या वयाचे होते, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. औसा तालुक्यातल्या एका आजोबांची दीड तासाची मुलाखत मी रेकॉर्ड केली. घरी येऊन ऐकतो तर आवाजाखाली सतत घूंऽऽ. एका दुकानात विचारलं. "सर, साधी केबल आहे ना, म्हणून. ही घ्या, सोन्याचा मुलामा आहे." फेलोशिपमधले अडीच हजार गेले. पुढच्या मुलाखतीतही घूं तस्संच!

दुकानदार फसवत होता का? मला तसं वाटत नाही. त्याचा त्यावर विश्वास होता. मग हा विश्वास आला कुठून? इतिहासाच्या विद्यार्थ्यानं विचारायचा प्रश्न हाच आहे.

आता जरा मागं जाऊ. १८५८ मध्ये अटलांटिक समुद्राखालून पहिली तारायंत्राची केबल टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे १६ तास लागले, आणि काही आठवड्यांत केबल बंद पडली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, आधीपासून सांगत होते की तांबं जाड आणि शुद्ध हवं. वेगवेगळ्या तांब्याच्या तारांतून वीज सारखी वाहत नाही, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं. १८६६ च्या यशस्वी केबलमध्ये तांब्याचं वजन जवळपास तिप्पट होतं. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानं मुंबई ते एडन केबल टाकली, तेव्हा हा धडा पक्का झालेला होता. म्हणजे बघा, हजारो किलोमीटरच्या अंतरावर महाग केबल खरोखरच वसूल होत होती.

आता आपल्या गल्लीत या. १९९० च्या दशकात केबल टीव्ही आला तो अ‍ॅनालॉग होता. खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या तारेत सिग्नल वाटेतच कमी होत जायचा. तार हलकी असली, सांधा गंजला, की पडद्यावर मुंग्या. चांगली तार टाकली की चित्र स्वच्छ. हे आपल्या आईवडिलांनी डोळ्यांनी पाहिलंय. "केबल चांगली तर चित्र चांगलं" हे वाक्य तेव्हा खरं होतं.

मग २०१२ ला मुंबईसारख्या महानगरांपासून केबलचं डिजिटलीकरण सुरू झालं आणि टप्प्याटप्प्यानं आपल्याकडेही आलं. डिजिटलमध्ये तारेतून शून्य आणि एक जातात. ते नीट ओळखता आले तर चित्र पूर्ण मिळतं. नाही आले तर चौकोन फुटतात, चित्र अडकतं किंवा पडदा काळा होतो. एचडीएमआय केबलचंही तेच. महाग केबलनं रंग जास्त गडद होत नाहीत. हां, केबल खूप लांब असेल किंवा फोर-के चित्र पाठवायचं असेल, तर त्या वेगासाठी प्रमाणित केलेली केबल लागते. पण प्रमाणित म्हणजे महागडी नव्हे.

थोडक्यात, परिस्थिती बदलली, वाक्य तसंच राहिलं.

स्पीकरच्या तारेचं गणित तर स्वतः करून बघा. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, अंतर ५ मीटर. जाऊन-येऊन १० मीटर, रोध साधारण ०.११ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा दीड टक्क्याच्या आत, कानाला कळणार नाही. तीच तार ५० मीटर नेली तर रोध १.१५ ओहम. आता फरक पडतो, तार जाड हवी. इथं चल आहे अंतर आणि जाडी, किंमत नाही.

आपल्या गावच्या सप्ताहात कीर्तन भोंग्यांवरून गावभर जातं, तेव्हा तार शेकडो मीटर असते. मंडपवाला महाग तार घेतो का? नाही. तो अ‍ॅम्प्लिफायरची १०० व्होल्टची लाइन वापरतो. व्होल्टेज जास्त, करंट कमी, म्हणून बारीक तारेतही नुकसान थोडं. भौतिकशास्त्र त्यानं पुस्तकात वाचलेलं नसेल, पण नेमकी अडचण ओळखलेली असते.

"पण मला फरक ऐकू येतो" असं कुणी म्हटलं तर? त्याला खोटं ठरवू नका, चाचणी घ्या. मित्राला नाणं उडवून केबल बदलायला सांगा. कोणती लावलीय ते ऐकणाऱ्यालाही कळू नये आणि उत्तर लिहून घेणाऱ्यालाही. असं १६ वेळा करा. नुसत्या अंदाजानं १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता १०० त सुमारे ४ असते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ध्वनी उपकरणांसाठी अशाच दुहेरी अंध चाचणीची पद्धत मांडली होती.

माझ्या घूंचं काय झालं? एकेक गोष्ट बदलत गेलो. केबल बदलली, माइक बदलला, जागा बदलली. शेवटी रेकॉर्डरचा चार्जर काढून बॅटरीवर लावला आणि घूं गायब. फुकटात! हेच मी अडीच हजार घालवायच्या आधी करायला हवं होतं.

आजोबा पुन्हा बोलायला तयार झाले. मोठ्या मनानं बोललेही. पण रझाकारांच्या भीतीनं जोंधळ्याच्या शेतात काढलेल्या रात्रीबद्दल पहिल्यांदा सांगताना ते मध्येच थांबले होते, ते थांबणं दुसऱ्या वेळी आलं नाही. ते आता फक्त त्या घूंच्या खाली आहे.

म्हणून पैसे असतील तर आधी चांगला माइक घ्या, सुटे सेल घ्या, दुसरं मेमरी कार्ड घ्या. निघायच्या आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. आणि कुणीही दावा केला, मग तो दुकानदार असो की गाईड, की विचारा: हे कधी खरं होतं, कुठल्या परिस्थितीत, आणि ती परिस्थिती आज माझ्यासमोर आहे का?

भेटू पुढच्या लेखात.