चार्ल्स लॅमचा राजीनामा व कंपनीचा ठराव (इ. स. १८२५)

ललितलेखन हें इतिहासाचें साधन म्हणून कितपत वापरावें, हा प्रश्न आपल्याकडे बखरींच्या निमित्तानें पुष्कळ चर्चिला गेला आहे. बखरकार मितीला चुकतो, रकमा फुगवितो, परंतु प्रसंगाचा जीव त्याच्यापाशीं असतो. दप्तरांतला कागद मिती नेमकी देतो आणि माणसाविषयीं मुका राहतो. एकाच प्रसंगाचीं हीं दोन्ही साधनें, आणि शिवाय त्या माणसाचें खासगी पत्रही हातीं, असा योग क्वचित् येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींतील एका कारकुनानें प्रकृतीच्या कारणावरून घेतलेली निवृत्ति हा असा योग आहे. हा कारकून म्हणजे मराठींत लघुनिबंधाची चर्चा निघाली कीं ज्याचें नांव हटकून येतें तो चार्ल्स लॅम.

लॅमचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ चा. ५ एप्रिल १७९२ रोजीं तो लेडनहॉल स्ट्रीटवरील इंडिया हाऊसमध्यें हिशेबखात्यांत लागला. दिवसा कंपनीचे हिशेब, रात्रीं लेखन, आणि घरीं वेडाचे झटके येणारी थोरली बहीण मेरी, असा त्याचा संसार होता. १७९६ सालीं अशाच एका झटक्यांत मेरीच्या हातून आईची हत्या झाली; तेव्हांपासून तिचा भार लॅमनें आपल्या शिरावर घेतला. सबब नोकरी सुटणें हा दोघांच्या अन्नाचा प्रश्न होता, हें पुढील कागद वाचतांना विसरतां कामा नये.

प्रथम निबंध पाहूं. 'लंडन मॅगझिन'च्या मे १८२५ च्या अंकांत 'द सुपरअॅन्युएटेड मॅन' हा लॅमचा निबंध आला. त्यांतील निवेदक मिन्सिंग लेनमधील एका व्यापारी पेढीवर छत्तीस वर्षें कारकून आहे. एके दिवशीं पेढीचा एक भागीदार त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याविषयीं विचारतो. तो आपली अशक्तता कबूल करतो, नोकरी सोडावी लागेल अशी धास्ती बोलून दाखवितो, आणि पुढें आठवडाभर आपण आपल्या पायांवर धोंडा पाडून घेतला म्हणून झुरतो. १२ एप्रिलच्या सायंकाळीं मालक त्याला आंत बोलावितात. आतां बडतर्फी, असें त्याला वाटतें. पण मालक त्याला पगाराच्या दोनतृतीयांश इतकें तहाहयात वेतन देऊं करतात. अर्ज नाहीं, वैद्याचा दाखला नाहीं. सर्व कांहीं मालकांच्या औदार्यानें अकस्मात् घडतें.

आतां ठराव. कंपनीच्या डायरेक्टरांच्या सभेनें २९ मार्च १८२५ रोजीं केलेला हा ठराव लॅमच्या चरित्रांतून छापला गेलेला आहे. त्याचा आशय असा: अकौंटंट जनरलच्या कचेरींतील मिस्टर चार्ल्स लॅम यांनीं दाखल्यानें शाबीत झालेल्या अनारोग्यामुळें दिलेला राजीनामा मंजूर करावा, त्यांनीं ३३ वर्षें इमानानें चाकरी केली असून त्यांची प्राप्ति हल्लीं सालीना ७३० पौंड आहे, त्यांस आजपासून सालीना ४५० पौंड वेतन द्यावें.

दोहोंचा मेळ घालून पाहतां तफावत उघड दिसते. सेवा ३६ वर्षांची नव्हे, ३३ वर्षांची. तीही काटेकोर मोजली तर एक आठवडा कमीच. मिती १२ एप्रिल नव्हे, २९ मार्च. ७३० चे दोनतृतीयांश ४८६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स होतात, मिळाले ४५०. निबंधकारानें आपल्या धन्याला सालीना सुमारें ३७ पौंडांचें जास्तीचें औदार्य बहाल केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं! परंतु खरा फरक आंकड्यांचा नाहीं. ठराव राजीनामा व दाखला या दोन गोष्टींवर उभा आहे, आणि नेमक्या त्याच दोन निबंधांत नाहींत.

मग निबंध केवळ कल्पित समजावा काय? येथें पत्र उपयोगी पडतें. ६ एप्रिल १८२५ रोजीं लॅमनें कवि वर्ड्स्वर्थ यास लिहिलें कीं, आपण गेल्या आठवड्यांत मंगळवारीं कायमचे घरीं आलों. २९ मार्चला मंगळवारच होता. तेव्हां पत्र व ठराव एकमेकांस पुष्टि देतात. त्याच पत्रांत तो म्हणतो कीं, या गोष्टीचें पहिलें सूतोवाच होऊन दहा आठवडे झाले, आणि सुटकेची सूचना वरूनच आली. त्याला स्वतःला आणखी सात वर्षें काढावीं लागतील असें वाटत होतें. म्हणजे वरिष्ठांनीं आपण होऊन विचारलें, हा निबंधांतला गाभा खोटा नाहीं. खोटा आहे तो त्याचा अकस्मातपणा. सूचना झाली, तरी पुढें राजीनामा आणि दाखले हा मार्ग चालावाच लागला, आणि निकालाची वाट पाहण्यांत हिंवाळा गेला. निबंधांतील एक आठवडा हा त्या दहा आठवड्यांचा संक्षेप आहे, असें माझें मत आहे.

दाखले देणारे दोघे होते: हायगेटचा शस्त्रवैद्य गिलमन, ज्याच्या घरीं कवि कोलरिज राहत असे, आणि डॉक्टर टटहिल. दोघेही स्नेही. टटहिल हा बेथलेम येथील वेड्यांच्या रुग्णालयाचा वैद्य होता, आणि स्वतः लॅमही १७९५-९६ च्या हिंवाळ्यांत सहा आठवडे वेड्यांच्या इस्पितळांत राहिलेला होता. परंतु यावरून दाखल्यांतील दुखण्याचें नांव ठरविण्याचें धाडस करूं नये. दाखल्यांत दडलेल्या मित्रांच्या गोड असत्याचें आपणांस हसूं आलें, पण बहिणीनें मान हालवून तें सारें खरेंच असल्याचें सांगितलें, असें लॅम त्याच पत्रांत लिहितो. बहिणीचा साक्षीपुरावा अधिक ग्राह्य ठरला. त्याच वर्षीं जुलैच्या अंकांत त्याचा 'द कॉन्व्हलेसन्ट' हा निबंध आला. त्यांत मज्जातंतूंच्या तापानें आपण कित्येक आठवडे अंथरुणास खिळलों होतों, असें तो सांगतो.

ठरावांत ज्या कायद्याचा आधार घेतला आहे तो तिसऱ्या जॉर्जच्या ५३ व्या वर्षाचा १५५ वा कायदा, म्हणजे १८१३ ची सनद. हिंदुस्थानांतील विद्येसाठीं सालीना एक लक्ष रुपये राखून ठेवणारी म्हणून आपले वाचक जिला ओळखतात तीच ही. तिच्याच आधारें लेडनहॉल स्ट्रीटवरील थकलेल्या कारकुनाला घरीं बसून वेतन मिळालें. याच कंपनीनें जून १८१८ मध्यें दुसऱ्या बाजीरावास सालीना आठ लक्षांची नेमणूक कबूल केली होती. राज्य सोडल्याबद्दलची नेमणूक आणि चाकरीबद्दलचें वेतन यांची तुलना सर्वांशीं जुळत नाहीं. तरी मागें राहणाऱ्यांचें काय, या एका कलमापुरती ती करण्याजोगी आहे. १८५१ त बाजीराव वारल्यावर डलहौसीनें ती नेमणूक नानासाहेबास चालू ठेवण्याचें नाकारलें. लॅमनें मात्र तें कलम जिवंतपणींच पक्कें करून घेतलें होतें. ४५० पौंडांतून सालीना ९ पौंड कापून, आपल्यामागें मेरी राहिल्यास तिची तरतूद व्हावी, अशी योजना त्यानें केली; म्हणून पत्रांत तो आपली प्राप्ति ४४१ पौंड सांगतो. निबंधांतील निवेदकाला बहीण नाहीं, आणि या नऊ पौंडांचा तेथें उल्लेखही नाहीं.

कंपनीचीं जुनीं दप्तरें आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. इंडिया हाऊसची इमारत १८६१-६२ च्या सुमारास पाडली गेली. लॅम २७ डिसेंबर १८३४ रोजीं वारला. म्हणजे वेतन त्यानें पावणेदहा वर्षें खाल्लें, आणि तेवढ्या मुदतींत बहिणीसाठीं सुमारें ८८ पौंड सोडले. मेरी २० मे १८४७ पर्यंत जगली.