नापास करण्यासाठी घेतलेली परीक्षा

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जायचं म्हटलं की आज घराघरांत पहिला विषय निघतो तो आयईएलटीएसचा. किती बँड हवेत, क्लास कोणता लावायचा, पुन्हा बसलं तर चालतं का? प्रश्न रास्त आहेत. पण आज आपण जरा मागे जाऊ. परदेशाच्या दारावर ही भाषेची परीक्षा आली कुठून? तिच्या कुळकथा दोन आहेत, आणि त्या वेगवेगळ्या समजून घ्यायला हव्यात.

पहिली कथा दक्षिण आफ्रिकेतली. जानेवारी १८९७ मध्ये गांधीजी दरबानला जहाजातून उतरले, तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. नाताळ वसाहतीतल्या गोऱ्यांना हिंदी लोक यायला नको होते. पण हिंदी माणूस हा राणीचा प्रजाजन. कायद्यात उघडपणे त्याला मज्जाव करणं लंडनला अडचणीचं होतं. तेव्हा नाताळने त्याच वर्षी एक तोड काढली. येणाऱ्याने युरोपीय भाषेत, तिच्याच लिपीत, एक ठरावीक अर्ज लिहून दाखवायचा. कायद्यात वंशाचं नाव नाही, आणि रोख मात्र सगळ्यांना कळतो! ब्रिटनचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हीच युक्ती इतर वसाहतींच्या प्रमुखांना सुचवली.

ऑस्ट्रेलियाने ती १९०१ मध्ये उचलली आणि आणखी धारदार केली. अधिकारी ५० शब्दांचा उतारा सांगणार, उतरलेल्या प्रवाशाने तो लिहायचा. भाषा कोणती? अधिकारी ठरवेल ती युरोपीय भाषा. म्हणजे तुम्हाला उत्तम इंग्रजी येत असेल, तर तुमच्यापुढे दुसरीच एखादी भाषा येऊ शकत होती. १९०९ नंतर या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. ज्याला आत घ्यायचं त्याची परीक्षा घ्यायचीच नाही, आणि ज्याची घ्यायची तो नापास होईल असं बघायचं, अशी ही रीत.

१९३४ मध्ये मात्र ती अंगाशी आली. एगॉन किश हे प्रागचे पत्रकार, फॅसिझमचे विरोधक. सरकारला ते नको होते. त्यांना बऱ्याच युरोपीय भाषा येतात हे ठाऊक असल्यामुळे त्यांना उतारा सांगितला तो स्कॉटिश गेलिकमध्ये. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा ठरत नाही, असा निकाल लागला. तरीही ही श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात राहिली.

आता दुसरी कथा. १९१३ मध्ये केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजीतल्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. भाषांतर, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र आणि शिवाय तोंडी. सगळं मिळून सुमारे १२ तास! पहिल्या वर्षी बसले तीन जण, आणि तिघेही नापास झाले. परीक्षा कठीण होती. पण काय विचारणार हे आधी जाहीर होतं आणि तयारी करून उत्तीर्ण होता येत होतं. पुढे अमेरिकी विद्यापीठांत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १९६४ मध्ये टोफेल सुरू झाली, आणि १९८९ मध्ये आयईएलटीएस. गंमत बघा, या आयईएलटीएसच्या भागीदारांत ब्रिटनबरोबर ऑस्ट्रेलियाही आहे.

मग आजची परीक्षा कोणत्या कुळातली? आमच्या मते परीक्षा केंब्रिजच्या कुळातली आहे. पण ती दारावर उभी असते, आणि दार दुसऱ्याचं असतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना शून्य ते नऊ असे बँड मिळतात. आयईएलटीएस तुम्हाला पास किंवा नापास म्हणत नाही, फक्त मोजून सांगते. साडेसहा पुरेत की सात हवेत, हे ठरवतं ते विद्यापीठ, व्यवसायाची नियामक संस्था नाहीतर सरकार. तेच साडेसहा एका ठिकाणी चालतात, दुसऱ्या ठिकाणी चालत नाहीत. तुमचं इंग्रजी तेवढंच असतं, उंबरठा बदललेला असतो.

म्हणून आपण दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. मोजमाप नीट झालं का, हा पहिला. इतकी उंची या कामाला खरोखर लागते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अभ्यासाने सुधारता येतं. दुसरा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याचा जाब धोरण ठरवणाऱ्यांनाच विचारला पाहिजे. अर्धा बँड कमी पडला म्हणून घरी तोंड लपवणारी मुलं आपण पाहतो. त्यांना एवढं जरूर सांगा, की त्या कागदावर त्यांच्या बुद्धीबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही. काही काळाने त्या गुणांची मुदतही संपते, आणि परीक्षा पुन्हा देता येते. ऑस्ट्रेलियाच्या बंदरातून परत पाठवलेल्यांना ती सोय नव्हती.