न्यूयॉर्कमधले हायडेलबर्ग

हंगेरीतील नॉजकनिझा या गावी १८८७ साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या सिग्मंड रोम्बर्गला घरच्यांनी व्हिएन्नास धाडले ते इंजिनिअरीच्या अध्ययनासाठी. परंतु ज्या नगरीच्या रंगमंचावर १९०५ च्या अखेरीस फ्रान्झ लेहारची 'द मेरी विडो' ही संगीतिका अवतरली आणि अवघा युरोप वॉल्ट्झच्या ठेक्यावर डोलू लागला, त्या नगरीत या संगीतवेड्या तरुणाचे चित्त गणितात रमावे, ही अपेक्षाच मुळी भाबडी होती.

१९०९ साली तो न्यूयॉर्कला उतरला. तेथे त्याच्या पोटाची पहिली सोय केली ती आठवड्याला ७ डॉलर देणाऱ्या पेन्सिलीच्या कारखान्याने. पुढे उपाहारगृहांतून पियानो वाजवता वाजवता त्याने स्वतःचा वाद्यवृंद जमवला, आणि १९१४ च्या सुमारास नाट्यगृहांचे मातबर मालक शूबर्ट बंधू यांच्या पदरी तो रुजू झाला. ही चाकरी म्हणजे काही राजाश्रय नव्हे. खेळामागून खेळ उभा राहायचा, त्यात पदांचा भरणा करायचा, आणि युरोपातून आणलेल्या संगीतिका अमेरिकन अंगाला बसतील अशा बेताने उसवून पुन्हा शिवायच्या, असा सारा शिंपीकामाचा मामला! 'ब्लॉसम टाइम' (१९२१) या संगीतिकेत तर त्याने थेट संगीतकार फ्रान्झ शूबर्टच्याच चाली घेतल्या. मालक शूबर्ट आणि कच्चा मालही शूबर्टचाच, हा योगायोग मोठा गमतीचा. टीकाकारांनी या उद्योगाला उसनवारी म्हटले, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. तथापि जुन्या कापडाला नवी बेतणी देणाऱ्यालाही हात लागतो, एवढे मान्य करावयास हरकत नसावी.

त्याच्या कारागिरीची खरी कसोटी लागली ती महायुद्धात. 'मेटाइम' या त्याच्या संगीतिकेचे मूळ बर्लिनचे, वॉल्टर कोलोच्या संगीताचे. परंतु १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध रणात उतरलेली असताना बर्लिनचे कौतुक कोण ऐकून घेणार? तेव्हा कथानक न्यूयॉर्कला हलवण्यात आले आणि चालीही बहुतांशी रोम्बर्गने नव्याने बांधल्या.

आणि अवघ्या सात वर्षांनी, २ डिसेंबर १९२४ रोजी, त्याच न्यूयॉर्कात 'द स्टुडंट प्रिन्स'चा पडदा वर गेला तो चक्क जर्मनीतल्या हायडेलबर्गावर! विद्येसाठी आलेला राजपुत्र, खानावळीतली केथी, आणि राजकर्तव्यापायी अटळ झालेली ताटातूट. नायक-नायिकेचे मीलन न होताही हा खेळ ६०८ वेळा झाला. देशभर मद्यबंदीचा अंमल जारी असताना, विद्यार्थ्यांच्या त्या भरदार वृंदाने बिअरचे पेले उंचावून पानगीत गावे, आणि समोरच्या कोरड्या घशाच्या श्रोत्यांनी ते तल्लीन होऊन ऐकावे, यातला विनोद त्यांना उमगत नसेल असे मला वाटत नाही. पुढे त्याची 'द डेझर्ट साँग' (१९२६) मोरोक्कोच्या वाळवंटात गेली. 'द न्यू मून' प्रथम फिलाडेल्फियात सपशेल आपटली आणि पुनर्लेखन होऊन १९२८ मध्ये न्यूयॉर्कात गाजली. त्यानंतर मात्र बोलपट आले, आर्थिक मंदी आली, आणि अभिरुचीनेही कूस बदलली.

१९५१ साली तो न्यूयॉर्कातच निवर्तला. त्यापूर्वी सहा वर्षे त्याने 'अप इन सेंट्रल पार्क' रंगभूमीवर आणली होती. तिचे कथानक नगरातील पुढारी ट्वीड याच्या अफरातफरीच्या काळातले, म्हणजे पुन्हा न्यूयॉर्कचेच. पण या खेपेस ते तेथे कोणत्याही युद्धाच्या धाकाने आलेले नव्हते.