गाजराचे श्रेय
गाजर, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे निरीक्षणपर अभ्यास सांगत होते. श्रेय बीटा-कॅरोटीनला मिळाले. १९८५ साली फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी सुरू झाली. गोळी कोणाला, निरौषध गोळी कोणाला, हे दैवावर सोपविले. १९९४ साली निकाल लागला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! गोळी बाधली का, हा वेगळा प्रश्न. पण निरीक्षणे फसली कशी? भाजी आवडीने खाणारा माणूस बहुधा सिगारेटही कमी ओढतो, मद्य बेताने घेतो. त्याच्या साऱ्या राहणीचे पुण्य एका रंगद्रव्याच्या खाती जमा झाले होते. अमेरिकेतील १८,३१४ जणांवरील तशीच चाचणी जानेवारी १९९६मध्ये मुदतीच्या २१ महिने आधी थांबविण्यात आली.